ताईला विचारून

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. आईलाही नाही, आणि आता ती राहिलीही नाही. देवापुढं तर उदबत्ती लावते आणि पटकन बाहेर येते. मग तुम्हालाच का सांगते आहे? बहुतेक तुम्ही प्रवीणला ओळखत नाही, म्हणून.

प्रवीण माझा धाकटा भाऊ. दिग्रसला एका जिनिंगमध्ये काट्यावर असतो, कापसाच्या गाड्यांचं वजन करून घेतो. छत्तीस वर्षांचा झाला, बिनलग्नाचा. मागच्या महिन्यात चुलतभावाच्या लग्नात चार पोरं त्याच्याभोवती जमली होती. मुलीला मेसेज काय करावा, कधी करावा, मोबाइलवरचा कुठला गुरू काय सांगतो — असलं सगळं चाललं होतं. मी मठ्ठा वाढत मागंच उभी. तर हा म्हणाला, "त्या मोबाइलवाल्याचं कायले आयकता बे? दोस्ताचंही आयकू नोका. घरी बहीण हाये ना? तिले विचारा. तिले काय स्वार्थ राह्यते?"

माझ्या हातातला मठ्ठा सांडला नाही, काही नाही. मी वाढत राहिले. इतकी सराईत झाले आहे मी!

बारा वर्षांपूर्वी आमच्या गावातल्या रक्त तपासायच्या लॅबमध्ये वैशाली नावाची मुलगी होती. आमच्या जातीतली नव्हती. प्रवीण तिच्यात पुरता गुंतलेला. तिनं काय लिहिलं, आपण काय लिहावं — सगळं माझ्याकडं घेऊन यायचा. पुष्कळदा शब्दसुद्धा माझेच असायचे. मग तिला नागपूरला नोकरी लागली. तिनं त्याला कळवलं, रविवारी दहाच्या गाडीनं चालली, स्टँडवर येजो, बोलायचं आहे.

तो फोन घेऊन माझ्यापुढं उभा. "ताई, जाऊ का?"

ह्यात विचारण्यासारखं तरी काय होतं? कुणीही म्हणालं असतं, पळ! मी म्हणाले, "जाऊ नोको. पोरीच्या मागं धावलं का आपली किंमत राह्यत नाही. पाहू दे थोडी वाट. दोन दिवसानं फोन कर." अगदी दुनिया पाहिलेल्या बाईसारखं. बघायच्या कार्यक्रमाबाहेर मला तोवर एकाही मुलानं साधं नाव विचारलेलं नव्हतं.

इथवरच असतं तर चुकीचा सल्ला म्हणून सोडून देता आलं असतं. पण —

त्या रविवारी तो निळा शर्ट इस्त्री करून, घालून, खाटेवर बसून राहिला. मी भाजी आणते म्हणून निघाले ती सरळ स्टँडवर. कशाला गेले? बघायला. दुसरं काही नाही. रसवंतीच्या आडोशाला उभी राहून बघत होते. दहाची गाडी लागली. वैशालीनं बॅग उचलली, परत खाली ठेवली. गाडी गेली. अकराची आली, आणि तेव्हा तिची नजर माझ्यावर पडली. तिचा चेहरा असा उजळला — तिला वाटलं, मी आले म्हणजे तोही आला. धावतच माझ्याकडं आली.

"ताई, प्रवीण येऊन राह्यला का?"

"नाही वं. झोपला हाये तो."

त्याच्यासाठी तिनं घरून आलुबोंडे करून आणले होते, तो डबा माझ्या हाती दिला आणि गाडीत चढली. मी आलुबोंडे कागदात बांधून घरी नेले, स्टँडवरून विकत आणले म्हणून सांगितलं. प्रवीणनं तीन खाल्ले. मस्त हायेत म्हणाला. डबा मी वाटेतल्या नालीत टाकला होता.

दोन दिवसांनी त्यानं फोन केला. तिनं उचलला नाही. "ताई, आता?" मी म्हणाले, राहू दे आता. त्यानं राहू दिलं.

वर्षानुवर्षं मी स्वतःला सांगत आले की, तेव्हा यवतमाळला माझी सोयरीक जुळली होती, साक्षगंध ठरलं होतं. घरात परजातीची मुलगी येते म्हटल्यावर यवतमाळच्या मंडळींनी सोयरीक मोडली असती. ऐकायला बरं वाटतं, नाही? पण माझ्या मोठ्या जाऊबाईच परजातीतल्या. मला बघायला आल्या तेव्हा माझ्या शेजारीच बसल्या होत्या. मला सगळं ठाऊक होतं.

मग का? लाज वाटते, पण — मला विचारल्याशिवाय तो पाऊल उचलत नव्हता, हे मला आवडायचं. ती आली असती तर त्यानं तिला विचारलं असतं. एवढंच. एवढ्यासाठी.

पुढं त्याला स्थळं येत गेली. दरवेळी मला फोन. मी कधी म्हणाले घाई करू नको, कधी म्हणाले मुलगी जरा जास्तच बोलते. खोटं बोलले नाही — बोलायची गरजच पडली नाही.

आज सकाळी त्याचा मेसेज आला. पुसदच्या एका शिक्षिकेचं स्थळ आहे, ती उद्या भेटू म्हणते. "ताई, जाऊ का?" वाचल्यावर आधी काय वाटलं, सांगू? बरं वाटलं. त्यानं विचारलं म्हणून.

आता चार वाजत आले. कपड्यांच्या घड्या दोनदा करून झाल्या, चहा करून तसाच गार झाला. मी वाचल्याच्या निळ्या खुणा त्याला सकाळीच दिसल्या असतील. काट्यावर बसून मधूनमधून फोन बघत असेल. 'जा' एवढंच लिहायचं आहे. मी अजून लिहिलेलं नाही.