मोराचं वजन

वारज्यात कोंडीरामचं घर शोधायचं असलं, तर नाव सांगत बसू नका. बंद न होणाऱ्या फाटकाचं घर विचारा, शेंबडं पोरही आणून सोडील. फाटक लोखंडी आहे आणि कोंडीराम दर दसऱ्याला त्याच्यावर रंगाचा एक हात मारतो. जुना खरवडायचं नाव नाही, होता त्याच्यावरच नवा. एवढ्या वर्षांत फाटक असं फुगलं की कडी आता कोयंड्यात बसत नाही. त्याची बायको मैना ते सुतळीनं बांधते आणि बांधताना रोज एक वाक्य बोलते, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

घरची शेती होती, पण कोंडीरामचा जीव मातीत नव्हता. मिसरूड फुटायच्या आत गडी हायवेच्या कडेला ट्रकची बॉडी बांधायच्या कारखान्यात जाऊन बसला. आधी डबे धुतले, मग पत्र्याच्या खड्ड्यांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायला शिकला, मग अस्तर मारायला, आणि एक दिवस उस्तादानं त्याच्या हातात बारीक ब्रश दिला. तिथून पुढं ट्रकच्या मागच्या फाळक्यावर मोर काढावा तर कोंडीरामनंच. पिसारा असा, की मागच्या गाडीचा ड्रायव्हर ओव्हरटेक करायचं विसरायचा. सातारा-कराडचे ट्रकवाले त्याच्यासाठी गाडी उभी करून थांबत. फाळक्याला सात हात रंग, त्याच्या खाली बात नाही.

पुढं पुणं वारज्यात शिरलं. शेत रस्त्यात गेलं, उरलेल्या तुकड्यावर खोल्या उठल्या, खोल्यांत भाडेकरू आले. पोटाची काळजी मिटली. त्याच सुमाराला ट्रकवर छापील स्टिकर आले. चहा पिऊन होईतो मोर चिकटतो, आणि दिसतो लेगहॉर्न कोंबडीसारखा. कोंडीरामचा ब्रश सुटला. साठी ओलांडली तेव्हा त्याला रंगवायला एक फाटक उरलं होतं आणि एक स्कूटर.

स्कूटर शनिवार पेठेतल्या शरच्चंद्रकाकांची. काका एका कंपनीत यंत्रांचे नकाशे काढायचे, आता ऐंशीला टेकलेले. दिवाळीनंतर त्यांचा फोन आला. "कोंडीराम, एक काम आहे. स्कूटरचं नाही. ती विकली."

गडी गेला. काकांनी चहा दिला. कप अर्धा. कोंडीरामनं मनात म्हटलं, पेठेतली माणसं.

टेबलावर एक लांब खोका होता. काकांच्या मेव्हण्यानं तरुणपणी इंग्लंडहून आणलेला. आत विमान होतं, म्हणजे विमानाचे तुकडे. शेवग्याच्या लाकडापेक्षाही हलक्या अशा बाल्सा लाकडाच्या पट्ट्या, पंखांच्या बरगड्या आणि घडीवर पिवळा पडलेला नकाशा. सगळं जोडलं की माणूसभर लांब पंखांचं, रिमोटवर उडणारं, जुन्या धाटणीचं विमान.

"निवृत्त झालो की करू, म्हणून ठेवलं," काका म्हणाले. "निवृत्त झालो. मग डोळ्यांचं ऑपरेशन झालं की करू म्हटलं. तेही झालं. आता हे." त्यांनी दोन्ही हात टेबलावर ठेवले. बोटं आपापली थरथरत होती. "डॉक्टर म्हणतात, वाढणार. डोकं माझं, हात तुमचे. जमेल?"

"माजं हात ट्रकचं हायती, काका. ह्ये तर फुंकलं तरी मोडंल."

"म्हणून फुंकू नका."

"आन् उडवणार कोण?"

"आम्रपाली म्हणून एक मुलगी आहे, पाटबंधारे खात्यात इंजिनियर. रविवारी मुळशीकडच्या माळावर असली विमानं उडवते. मोटर, बॅटरी ती बसवेल. मला ते एकदा वर गेलेलं बघायचं आहे. बाकी काही नाही."

थंडीभर कोंडीराम शनिवार पेठेत जात राहिला. नकाशा फळीवर पसरायचा, त्याच्यावर मेणकागद, आणि टाचण्यांनी धरून एकेक पट्टी चिकटवायची. काका खुर्चीतून फूटपट्टीनं दाखवायचे.

"कोंडीराम, टाचणी आहे ती. खुंटा नाही."

"व्हय."

"गोंद जास्त झाला. पुसा."

"जरा जास्ती असला तर घट धरंल की."

"धरेल. आणि खालीही ओढेल. पुसा."

गडी पुसायचा आणि मनात म्हणायचा, गोंदाचासुद्धा कप अर्धाच.

सांगाडा झाला तेव्हा काकांनी तो खिडकीत धरायला लावला. उन्हात बरगड्या मोजून घ्याव्यात अशा दिसल्या. मग त्याच्यावर पातळ रेशमी कापड ताणून चिकटवलं. राहिला शेवटचा हात. कापड ताठ बसावं म्हणून त्याच्यावर डोप नावाचं पातळ रोगण लावतात. त्याचा वास असा, की खालच्या मजल्यावरच्या बाई गॅस गळतोय का विचारायला आल्या. म्हणून ठरलं, हे काम वारज्याला करायचं.

"डोपचे दोन हात," काकांनी बजावलं. "पातळ. वर रंग नाही, चित्र नाही, काही नाही."

"बरं."

पंख वेगळे, धड वेगळं, असं विमान रिक्षातून वारज्याला निघालं आणि रिक्षा पुलावर येईतो कोंडीरामच्या "बरं"ची हवा गेली. दोन हात! अर्धा कप चहा देणारा माणूस दुसरं काय सांगणार? उभ्या जन्मात म्हाताऱ्यानं एवढी एक हौस केली, ती काय नागडी उडवायची? रंग आपल्या घरचा घालू, मग तर त्याला बोलायला जागा नाही.

त्यानं लांबी भरली. घासलं. अस्तर मारलं. घासलं. मग एकावर एक सात हात, मधे वॉटर पेपरनं घासणं. पंखांवर वेलबुट्टी, अंगावर बैलजोडी आणि शेपटीवर मोर. स्टिकर आल्यापासून कोंडलेला मोर होता तो. पिसाऱ्यातला एकेक डोळा वेगळा. गल्ली लोटली. भाडेकरूंनी फोटो काढले. चुलतभाऊ गेनबा, जो कुणाच्या लग्नातलं जेवण बरं म्हणत नाही, तोही म्हणाला, "हात ऱ्हायलाय अजून." कोंडीराम त्या दिवशी एक भाकरी जास्त जेवला.

मग काकांना बोलावलं. काका रिक्षानं आले, हात पाठीमागं बांधून विमानाभोवती एक फेरी मारली.

"सुंदर आहे," ते म्हणाले.

कोंडीरामला हसू आवरेना.

"कुठे टांगणार?"

"टांगायचं? उडवायचं न्हवं?"

काकांनी मोटर-बॅटरीच्या वजनाची वाळूची पुडी नाकाला बांधायला लावली आणि पंखाखाली, नकाशात खूण होती तिथं, दोन बोटं लावून विमान उचलायला सांगितलं. ते बोटांवर आडवं, तोलून राहायला पाहिजे होतं. पाणवठ्यावर म्हशीनं बूड टेकावं तसं शेपूट खाली गेलं.

"हा मोर," काका म्हणाले. "वजन आहे त्याला."

"मग नाकात शिसं घालू. व्हईल बराबर."

"तोल होईल. वजनाचं काय?"

कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेऊन काट्यावर ठेवलं. नकाशात दोन किलो लिहिलं होतं. काटा तीनच्या पुढं गेला, आणि शिसं अजून घालायचंच होतं.

"मानूस किलोभर वाढला म्हनून काय मरतो का, काका?"

"नाही मरत. पण त्याला कोणी उडायला सांगत नाही."

"मग घासून काढतो."

"खाली रेशीम आहे, फाटेल. काढायचं तर कापडासकट सगळं सोलावं लागेल." काकांनी मोराच्या पिसाऱ्यावरून बोट फिरवलं. "नका सोलू. इतकं चांगलं काम मी पाहिलेलं नाही. तुमच्याकडेच राहू द्या. माझ्या घरी तसंही जागा नाही."

ते रागावले असते तर कोंडीराम भांडला असता. त्याच्याकडं उत्तरं तयार होती. पण काका रिक्षात बसायला गेले तेव्हा त्यांना दांडा धरवेना, आणि कोंडीरामनंच त्यांना दंडाला धरून आत बसवलं.

विमान पुढच्या खोलीत पंख्याच्या हुकाला टांगलं. बघणारे येत राहिले. येणारा मान वर करायचा, म्हणायचा, "काय मोर काढलाय." आणि त्याच दमात, "उडतं का?"

"न्हाई."

"मग?"

ह्या "मग"ची कोंडीरामला सवय नव्हती. जन्मात एवढे फाळके रंगवले, पण हा ट्रक चालतो का, असं कुणी विचारलं नव्हतं. ट्रक चालत होते म्हणून त्याचे मोर गावोगाव गेले होते. ह्या मोराला हुकाभोवती गोल फिरायचीसुद्धा सोय नव्हती.

एकदा मैनानं भाकरी वाढता वाढता विचारलं, "त्या म्हाताऱ्याचा फोन आलता का?"

"न्हाई."

"तुमी केला?"

"म्या कशापायी करू?"

"नगा करू. पर धूळ बसतीया त्येच्यावर, मी पुसायची न्हाई. लगीन लावून पोरगी माह्यारीच बसवल्यागत टांगून ठिवलंय." तिनं आमटी वाढली. "तुमी दुसरा मोर काडशीला. त्यो दुसरं इमान कुठनं आणंल?"

कोंडीरामनं भाकरी आमटीत कुस्करली. जेवण पुरतं केलं.

सकाळी त्यानं विमान खाली घेतलं आणि ब्लेड काढलं. पहिली चीर मोराच्या कडेनंच दिली, कारण मोर शेवटाला ठेवला असता तर तो राहूनच गेला असता. रंग इतका जाड होता की कापड केळीच्या सोपटासारखं सुटत गेलं. वेलबुट्टीचे तुकडे झाले, बैलजोडीतला एक बैल फाटला. मोर मात्र अखंड आला, पत्र्यासारखा ताठ. मैनानं तो उचलला, उलटासुलटा बघितला आणि न्हाणीच्या खिडकीतली काच फुटली होती तिथं ठोकून दिला. बरोब्बर बसला. सात हात असल्यामुळं पाण्याचा थेंब आत येत नाही.

बरगड्या पुन्हा उघड्या पडलेलं विमान घेऊन कोंडीराम शनिवार पेठेत गेला. काकांनी दार उघडलं, विमानाकडं बघितलं, त्याच्याकडं बघितलं.

"या," ते म्हणाले. "चप्पल बाहेर."

चहा केला. ह्या वेळी गडी स्वयंपाकघराच्या दारातच उभा होता, म्हणून त्याला दिसलं. काकांनी किटली दोन्ही हातांनी धरली होती, आणि स्वतःचा कपही त्यांनी अर्धाच भरला. त्याच्या वर भरला असता तर टेबलापर्यंत बशीतच गेला असता. कोंडीरामनं किटली त्यांच्या हातातून घेतली, दोन्ही कप काठोकाठ भरले आणि बाहेर नेले.

पुन्हा रेशीम बसलं. डोपचे दोन हात, पातळ. वासाबद्दल खालच्या बाईंना आधीच सांगून ठेवलं. आम्रपाली येऊन मोटर आणि बॅटरी बसवून गेली. मग कोंडीरामनं खुणेखाली बोटं लावली. विमान जवळजवळ आडवं राहिलं. शेपूट अजून केसभर खाली जात होतं. काकांनी खणातून शिशाचा एवढासा तुकडा काढला.

"ह्यो कुठं बसवायचा?" कोंडीरामनं विचारलं.

"नाकाच्या टोकाला."

"शिसंच पायजे, का नुसतं वजन पायजे?"

काकांनी तुकडा टेबलावर ठेवला. "वजन पाहिजे," ते सावकाश म्हणाले.

"मग तेवढा रंग घालतो की."

"फक्त नाकावर. मागे एक थेंब आला तर हात तोडीन."

"तोडा की. डोकं तुमचं, हात माजं, तुमीच म्हनला हुता. मग काम डोक्यानं करा."

कोंडीरामनं ट्रकच्या कपाळावर काढतात तसे नाकाच्या दोन्ही अंगांना दोन डोळे काढले. एक हात दिला की बोटांवर धरून बघायचा, वाळला की दुसरा. तोल येईतो दिले. किती झाले ते काकांनी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही.

रविवारी तिघं माळावर गेले. मैना आली नाही. भाडेकरूंच्या नळाची वेळ होती.

"डोळे भारी आहेत, दादा," आम्रपाली म्हणाली. "काका, वारा थोडा आहे. चालेल ना? घेऊ टेक-ऑफ?"

"घ्या," काका म्हणाले. त्यांचे हात पाठीमागं होते, एकानं दुसरा घट्ट धरलेला.

विमान गवतातून धावलं, एकदा उसळलं, खाली बसल्यासारखं झालं आणि मग जमीन सोडून वर गेलं. माळाच्या टोकाला वळलं आणि त्यांच्या डोक्यावरून परत आलं. कोंडीराम डोळे शोधत होता. डोळे दिसत नव्हते. पंखाच्या वर ऊन होतं, ते रेशमातून खाली उतरलं होतं आणि एकेक बरगडी काळ्या रेघेसारखी दिसत होती. ती प्रत्येक त्यानं चिकटवलेली, जास्तीचा गोंद पुसून.

"खालनं रंग दिसत न्हाई," तो म्हणाला.

"नाही."

"मोर असता तरी दिसला नसता."

"मोर असता तर दिसला असता," काका मान खाली न करता म्हणाले. "इथेच. जमिनीवर."

उतरताना एक चाक दगडाला लागून वाकलं. "सॉरी काका," आम्रपाली म्हणाली, "लास्टला वारा फिरला."

काकांनी चाक बघितलं. "कोंडीराम, मंगळवारी या."

"येतो. च्या मी करनार."

"करा. साखर कमी."

विमान आता कधी शनिवार पेठेत असतं, कधी वारज्यात. गल्लीतली माणसं म्हणतात, पहिलं दिसायला बरं होतं. गेनबानं तर तोंडावर विचारलं, "मोर कुठं घालवला?"

"न्हाणीत हाय," कोंडीराम म्हणाला. "अंगुळीला ये, बग."

ह्या दसऱ्याला तो रंगाचा डबा घेऊन फाटकापाशी बसला. मैना सुतळी हातात घेऊन उभी होती. तिला वाटलं, एवढं इमान सोलणारा माणूस, आता फाटकही खरवडून काढील आणि कडी बसंल.

"आदी जुना रंग काडा की," ती म्हणाली.

"कशाला?" कोंडीरामनं ब्रश डब्यात बुडवला. "फाटकाला कुठं उडायचंय."