कर्वेनगरचं माहेर

द्वारकाबद्दल बोलायचं म्हणजे मला आधी घोटभर पाणी प्यावं लागतं, नाहीतर तोंडातून काय निघेल सांगता येत नाही. माझं कर्वेनगरात झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, लॅमिनेशन आणि मुख्य म्हणजे भाडेकरार. घरमालक आणि भाडेकरू समोरासमोर बसतात, मशीनवर अंगठे ठेवतात, मी फोटो काढते, झाला करार. अकरा महिन्यांनी पुन्हा तेच. या खुर्च्यांवर मी माणसांचे सगळे नमुने पाहिलेत, त्यामुळे मला आता कुणाचा फारसा राग येत नाही. तात्यारावांचा मात्र येतो, आणि त्यांच्या बायकोचा त्याहून जास्त.

द्वारका हिंगोलीकडची. नवरा महिपती शिवण्याच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला लागला, तशी दोघं पुण्यात आली आणि वारज्यात पत्र्याच्या खोलीत राहिली. ही कॉलेजच्या मुलींचे डबे करायची. डबे पोचवता पोचवता तिच्या लक्षात आलं की या मुली डब्यापेक्षा कॉटला जास्त पैसे मोजतात. खोलीला नाही, घराला नाही, एका लोखंडी कॉटला. एकदा एक मुलगी तिला म्हणाली, "काकू, तुमच्या ओळखीत कुठे जागा आहे का हो?" दुसरी कुणी असती तर नाही म्हणून मोकळी झाली असती. ही म्हणाली, "हाय की. आठ दिवसानं ये." जागा कुठे होती? कुठेच नव्हती. नंतर शोधली तिने.

ती जागा तात्यारावांची. माझ्या दुकानाच्या मागच्याच सोसायटीत त्यांचे दोन फ्लॅट. वरच्यात ते आणि बायको सत्यशीलाबाई राहतात, खालचा बंद पडलेला. तात्याराव एका बँकेत कर्जाच्या टेबलावर बसून निवृत्त झालेले, म्हणजे कर्ज कुणाला द्यायचं नाही याचा उभ्या जन्माचा अनुभव. द्वारकाने भिशी उचलून डिपॉझिट भरलं, जुन्या बाजारातून कॉट आणले, स्वतः घासून रंगवले आणि तो फ्लॅट मुलींनी भरून टाकला. स्वतः मात्र वारज्याच्या पत्र्याखालीच राहिली. मी म्हटलं, "अगं, एवढा चांगला फ्लॅट घेतलास, राहायला तरी ये." तर म्हणते कशी, "ताई, आपण राहिलो की घर खातंय. दुसरं राहिलं की घर पोसतंय."

मला ही बाई तेव्हाच आवडली. बोलायची कमी, पण डोक्यात सगळं तयार. एक फ्लॅट स्वतःच्या नावावर करायचा, त्याच्या भाड्यावर दुसरा भाड्याने घ्यायचा, त्यावर तिसरा. हे तिला कुणी मोबाईलवर शिकवलं नव्हतं. तिचं तिनेच जुळवलं होतं.

अडलं कुठे, तर बँकेत. महिपतीची नोकरी कंत्राटी, हिच्या डब्यांना आणि कॉटना कागद नाही. आणि सगळ्यात वर, सिबिल स्कोअर मायनस वन. तिथल्या साहेबांनी तिला समजावून सांगितलं की तुम्ही कधी कर्जच काढलेलं नाही, त्यामुळे तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा ते आम्हाला कळत नाही. ती माझ्याकडे येऊन बसली आणि म्हणाली, "ताई, जिंदगीत कुणाचा रुपाया बुडवला नाही. त्याची शिक्षा हाय का ही?" मी काय सांगणार? आहेच म्हटलं.

ही गोष्ट तात्यारावांच्या कानावर गेली. कारण द्वारका त्यांच्याकडे सारखी असायची. सत्यशीलाबाईंच्या गुडघ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज जाऊन तेल लावायची, उन्हाळ्यात पापड-कुरडया करून द्यायची, डब्यातली पहिली भाजी त्यांना. त्यांचा मुलगा साई बाणेरला राहतो. आई-बापांना भेटायचं म्हणजे त्याला जणू व्हिसा लागतो.

तर तात्याराव तिला म्हणाले, बँकेचं सोड. खालचा फ्लॅट तूच घे. मी तुला हप्त्याने देतो. भाड्याच्या वर जमेल तेवढे दरमहा देत जा, ते घराच्या किमतीत धरू. अर्धी किंमत झाली की नावावर करून देतो, उरलेली फेड सावकाश. द्वारकाने विचारलं, कागद करायचा का? तर सत्यशीलाबाई आत गेल्या, नारळ, तांदूळ, खण घेऊन आल्या आणि तिची ओटी भरली. म्हणाल्या, "आजपासून तू आमची लेक. हे तुझं माहेर. लेकीशी कुणी कागद करतं का?"

झालं. ओटीत नारळ पडला आणि हिच्या मनात खरेदीखत झालं.

दुकानात येऊन मला सांगताना तिचे डोळे भरले होते. मी विचारलं, "साधी विसार पावती तरी घेतलीस का?" तर माझ्याकडेच असं बघितलं, जसं काही मी देवळात चप्पल घालून शिरले. "माहेरात पावती मागू, ताई?" तोवर ती त्यांना काका-काकू म्हणायची. त्या दिवसापासून तात्या आणि आई सुरू झालं.

मी गप्प बसणाऱ्यातली नाही. पुढच्या वेळी करार करायला तात्याराव तिला घेऊन दुकानात आले, तेव्हा त्यांनी कागदावर नेहमीचंच भाडं लिहायला सांगितलं. मी तोंडावर विचारलं, "तात्याराव, ते वरचे पैसे यात घालू का? घरखरेदीपोटी म्हणून एक ओळ टाकते." ते हसले. "पूर्णिमाबाई, लेकीशी व्यवहार कसा करायचा ते आता तुम्ही शिकवा आम्हाला." आणि द्वारका शेजारी बसून लाजत होती, कुणीतरी तिचं भर मंडपात कौतुक केल्यासारखी. माझं डोकं तडकलं होतं, पण अंगठा तिचा होता. मशीनवर ठेवला तिने.

पुढे प्रत्येक करारात हेच. मी बोलायचे, ते हसायचे, ही लाजायची. मधल्या काळात तिने फ्लॅटला नवीन फरशी घातली, गीझर लावला, खिडक्यांना जाळ्या बसवल्या. सगळं स्वतःच्या पैशाने. महिपती साधा माणूस, पण तोही एकदा म्हणाला की लोकाच्या घरात पैसा कशापायी ओतते. तिने त्याच्याशी दोन दिवस अबोला धरला. लोकाचं म्हणाला ना तो. दिवाळीला गावी जायचं तिने कधीच बंद केलं होतं. सत्यशीलाबाईंच्या हातचं उटणं लावून घ्यायची, घर झाडून पुसून द्यायची, फराळाचं सगळं करायची. याला त्या माहेरपण म्हणायच्या.

मग परवाच्या उन्हाळ्यात एका सकाळी खालच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या प्रियदर्शनी नावाच्या मुलीचा तिला फोन आला. "काकू, कुणीतरी फॅमिली घर बघायला आलीये. एजंट पण आहे. किचनचं माप घेतायत." द्वारका धावत माझ्याकडे आली. आणि काय म्हणावं तिने? म्हणाली, "तात्या ओटा नवा करून देणार असतील बगा. मला न सांगता."

मला त्या क्षणी तिच्या दोन मुस्काटात माराव्याशा वाटल्या. आणि जवळ घ्यावंसंही वाटलं. दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि तिला घेऊन वर गेले.

तात्याराव पेपर वाचत होते. आम्हाला बघून त्यांनी पेपर नीट घडी घालून बाजूला ठेवला. चेहऱ्यावर काही नाही. म्हणाले, "बरं झालं आलीस, मी बोलावणारच होतो. खालचा फ्लॅट देऊन टाकतोय. भाव चांगला आलाय. साईला बाणेरला मोठं घर घ्यायचंय, त्याला थोडे कमी पडतायत. करार संपतोच आहे तुझा. मुलींना सांगून ठेव."

द्वारका उभीच होती. म्हणाली, "आणि माझं, तात्या?"

"तुझं काय?"

"मी भरलेलं. घराच्या किमतीतलं."

"अगं, ते भाडंच होतं की. तुम्ही दोघं राहणार म्हणून घर घेतलंस आणि खानावळीसारखे कॉट लावलेस. मी कधी तोंड उघडलं का? वरचं घ्यायचो ते त्याचंच."

इतकं सरळ, इतकं थंड. हा माणूस दर महिन्याला हिच्या हातून पैसे घेताना म्हणायचा, चला, अजून एक भिंत तुझी झाली. माझ्यासमोर म्हणालाय, दुकानात.

द्वारका सत्यशीलाबाईंकडे वळली. त्या दारात उभ्या होत्या, पदराला हात पुसत. "आई, तुमी ओटी भरली होती. तुमी तर सांगा."

"ओटी काय, घरी आलेल्या सवाष्णीची मी भरतेच," त्या म्हणाल्या. "त्याचा आणि घराचा काय संबंध?"

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. मी म्हटलं, काय काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. बँकेत बसून लोकांच्या सह्या तपासणाऱ्या माणसाने सही न करता घर कसं लुबाडायचं ते बरोबर शिकून घेतलं, असं काहीसं. त्यावर तात्यारावांनी हात वर केला. "पूर्णिमाबाई, हा आमचा घरातला विषय आहे. तुम्ही बाहेरच्या आहात." म्हणजे बघा. कागद मागितला तर ती घरची, पैसे मागितले तर ती भाडेकरू, आणि तिच्या बाजूने कुणी बोललं की पुन्हा घरची.

मग त्यांनी जे केलं ना, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. आवाज मऊ केला. अगदी बापासारखा. "द्वारका, तू लेक म्हणवतेस ना आमची? मग लेकीने माहेरच्या घरात हिस्सा मागायचा असतो का? तूच सांगितलंस ना मागे, हिंगोलीला भावांना हक्कसोडपत्र करून दिलंस म्हणून. एक साडी घेतलीस आणि हसत सही केलीस. किती अभिमान वाटला होता तुझा आम्हाला. आता तीच तू, भांडत आलीस?"

मला हे माहीत नव्हतं. हक्कसोडीचं मला तिने कधी सांगितलं नव्हतं. त्यांना सांगितलं होतं, आई-बाप समजून. गुडघ्याला तेल लावता लावता बोलली असेल. आणि त्यांनी ते जपून ठेवलं होतं, वेळेला उपयोगी पडेल म्हणून.

सत्यशीलाबाई आत गेल्या आणि साडी घेऊन आल्या. नवी कोरी, दुकानाच्या पिशवीत. आणून ठेवलेली होती बरं का आधीच. त्यांना माहीत होतं ही येणार, काय मागणार आणि काय देऊन वाटेला लावायचं. द्वारकाने ती साडी घेतली. मी ओरडणार होते, टाक ती तिथेच, पण तिचा चेहरा बघून तोंडातला शब्द तोंडात राहिला. ती कुठे बघत होती कोण जाणे. तिथे तर नक्कीच नव्हती.

खाली पार्किंगमध्ये येऊन ती स्कूटरवर टेकली. मी बडबडतच होते. वकील करू, पोलिसात जाऊ, सोसायटीत बोर्डावर लिहू, त्या घेणाऱ्यांना गाठून सांगू. ती म्हणाली, "काय दाखवायचं, ताई? नारळ?"

तेही खरंच होतं. करार माझ्याच मशीनवर झालेले, त्यात नुसतं भाडं. वरून कुकरची शिट्टी ऐकू आली, कुणाच्या घरातली ते कळलं नाही. तिने पिशवीतून साडी अर्धी बाहेर काढली, काठ बघितला, पुन्हा आत सारली.

"भावांनी बी असंच केलं होतं," ती म्हणाली. "आधी बोलावलं. पुरणपोळी केली. धाकट्यानं पाय धुतले माझे. मग तालुक्याला नेलं सही करायला. मी सगळ्या गावाला साडी दाखवत फिरले, ताई. केवढा जीव हाय म्हणून भावांचा." तिने पिशवीचं तोंड दुमडलं. "तात्या आज बोलले नसते तर मला कळलंच नसतं, तवा काय झालं ते."

मी तिचा हात धरला. रडेल असं वाटत होतं, रडली असती तर बरं झालं असतं. ती मान वर करून त्या फ्लॅटच्या खिडकीकडे बघत होती. तिनेच लावलेल्या जाळीमागे कुणा मुलीचा टॉवेल वाळत होता.

"घर पुन्हा बघीन," ती म्हणाली. "कुठं बी कॉट टाकता येतात. पर आता दिवाळीला मी जायचं कुठं, ताई?"