सात मुठी तिखट, चार मुठी मीठ

सर्व संबंधितांना, तसेच चिवडा खाणाऱ्या असंबंधितांनाही कळवण्यात येते की, प्रस्तुत लेखकाला घरच्या चिवड्याच्या धंद्याचा वारस म्हणून तीस वर्षे तयार करण्यात आले आणि अखेर नापास ठरवण्यात आले. कारण एकच: हात मोठा.

गंमत नाही. आमच्या नाशिकच्या दुकानात मसाला वजनावर होत नसे, वडिलांच्या मुठीवर होई. ते मागच्या खोलीत एकटे जात, आतून कडी लावत आणि परातीत सात मुठी तिखट, चार मुठी मीठ आणि बाकीची मंडळी कालवून शिंकत बाहेर येत. आकडे गुप्त नव्हते, गल्लीतल्या पोरासोरांनाही पाठ होते. पण वडिलांची मूठ कुणाकडे होती?

माझं शिक्षण कांद्यापासून सुरू झालं. सटाण्याहून आलेला कांदा उभा चिरायचा, उन्हात वाळवायचा, तांबूस तळायचा. कॉलेजात माझ्या हाताच्या वासाने शेजारी बसणाऱ्याला मधल्या सुट्टीच्या कितीतरी आधी भूक लागायची. पुढे पोह्यांची कढई आली, मग गल्ला. तिथे मी रमलो, कारण गिऱ्हाइकं ऐकून घेत. तळणीचा तो वास, सणाची ती गर्दी आणि त्यात मधूनच आतून येणारी वडिलांची शिंक आठवली की अजूनही जिवाला बरं वाटतं.

एका दिवाळीत त्यांना ताप भरला आणि ती कडी माझ्यासाठी उघडली. परातीसमोर मी असा बसलो, की वरून फुलं पडायचीच काय ती बाकी होती. सात मुठी, चार मुठी, अगदी मोजून. माझी मूठ म्हणजे सोललेला नारळ. मसाला दीडपट झाला, पोहे होते तेवढेच राहिले. कांदा पाठवणारे सटाण्याचे व्यापारी दुकानात आले, एक बकाणा भरला, दोन तांबे पाणी प्यायले आणि म्हणाले, "भाऊ, हाई चिवडा शे का मिठागर?"

वडील रागावले नाहीत, हे जास्त वाईट. त्यांनी माझा पंजा उलटसुलट करून पाहिला. "गिऱ्हाइकाला रामराम करायला हा हात उत्तम आहे," म्हणाले. कडी पुन्हा लागली ती लागलीच.

मग वय झालं आणि त्यांचे हात थरथरू लागले. चिवडा कधी फिका, कधी जहाल. जुनी गिऱ्हाइकं माझ्याकडे पाहायची, मी छताकडे पाहायचो. वडील थांबले की मसालाही थांबणार, हे सगळ्यांना दिसत होतं. आज ते नाहीत, म्हणून सांगायला हरकत नाही: त्यांच्याशी हे बोलायची माझी छाती झाली नाही.

बोलली माझी मुलगी. कॉलेज संपवून ती नुकतीच दुकानात येऊ लागली होती.

"आबा, कडी लावू नका. मी नुसती बसते."

"आणि तो काटा कशाला?"

"तुमची मूठ मोजायला."

"मूठ काय मोजायची? मूठ म्हणजे मूठ."

"मग टाका की."

त्यांनी टाकली. तिने वजन लिहून घेतलं. आठवडाभर रोज हेच. मग एके दिवशी म्हणाली, "आबा, तुमची मूठ रोज वेगळी भरते."

"हात थरथरतो, बाई."

"त्यानं नाही. तुम्ही आधी चिमूटभर तिखट चाखता. तिखट जहाल असलं की मूठ आखडती घेता."

वडील चोरी पकडल्यासारखे आपल्या बोटांकडे पाहू लागले. आपण चाखतो हे त्यांनाही माहीत नव्हतं. मी तर उभा जन्म माझ्या पंजाला दोष देत आलो होतो.

त्यानंतर ती रोज वाटीभर मसाला करून मूठभर पोह्यांना लावायची आणि त्यांच्यापुढे ठेवायची. "फिका." "कच्चा." एकदा म्हणाले, "हा तुझ्या बापासारखा." मी गल्ल्यावरून ऐकलं आणि गिऱ्हाइकाला सुटे पैसे जास्त दिले.

दसऱ्याच्या सकाळी पूर्ण घाणा तिने एकटीने केला. मागच्या खोलीत ती आणि दाराबाहेर स्टुलावर वडील, हे मी पहिल्यांदा पाहत होतो. तिने बशी आणून त्यांच्या हातात दिली. त्यांनी एक घास खाल्ला. मग दुसरा. दुकान भरलेलं होतं, पण माझा पुडी बांधणारा हात थांबला. ते "ठीक" म्हणाले, की उद्यापासून त्यांना आत जायचं कारण उरणार नव्हतं. हे त्यांना कळत होतं. तिलाही कळत होतं, ती ओढणीला हात पुसतच राहिली होती.

बशी रिकामी झाली. वडिलांनी ती मांडीवर ठेवली आणि अख्ख्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलून गेले, "हा माझ्यापेक्षा चांगला झालाय. गिऱ्हाइकांना देऊ नका, रोज असाच मागतील."