पुन्हा रांगेत

तुर्भ्याच्या आमच्या शाळेत बालगृहातली मुलं येतात. पालकसभेला त्यांच्यासाठी एकच बाई असतात, तिथल्या काळजीवाहक. मुलं त्यांना मावशी म्हणतात, म्हणून आम्हीही. माझ्या आठवीत त्यांची चार मुलं आहेत. एकाचं ऐकून झालं की मावशी उठतात आणि दुसऱ्याला घेऊन पुन्हा रांगेच्या शेवटी उभ्या राहतात.

"सगळ्यांचं एकदमच सांगते की," मी एकदा म्हटलं.

"नको टीचर. ज्याचं त्याला."

मला घरी जायला उशीर होतो, रागही येतो.

यंदा त्यांच्यातली एक मुलगी दप्तर घेऊन निघायची, पण वर्गात पोचायची नाही. संस्थेतली पोर, चारचौघांत कशाला, म्हणून मी ते हळू आवाजात सांगितलं. मावशींनी मात्र आवाज चढवला.

"शाळा सोडून गावभर फिरतेस? घरी चल, मग बघते तुझ्याकडे."

रांगेतल्या आया हसल्या. त्याही घरी हेच म्हणत असणार. मुलीने मान खाली घातली. पण मी खुर्चीत बसले होते, मला तिचा चेहरा दिसत होता. ती हसू दाबत होती.

सोमवारी हजेरी घेताना तिचा आवाज आला.