चाळीस पिना, सात पिना आणि आजोबांचे फोटो

मित्रांनो, आज अमरावतीत बाबांसोबत कपाटात पडून असलेली जुनी हार्ड डिस्क घेऊन रिपेअरवाल्याकडे गेलो. साठच्या दशकातले आजोबांचे स्कॅन केलेले फोटो आता फक्त तिच्यातच आहेत. कागदी फोटो वाळवीनं खाल्ले.

"हे जुनं आयडीई कनेक्शन हाय, चाळीस पिनांचं. तुमच्या कम्प्युटरले नवं, जास्त वेगाचं साटा लागते, सात पिनांचं," तो म्हणाला.

"मग कमी पिनांचं असून सातवालं जास्त वेगवान कसं काय?" मी विचारलं.

"चाळिसात डेटाच्या साऱ्या तुकड्यायले संगं पाय उचला लागते, एक मागं राह्यला का सारे थांबते. साटात एकामागं एक पळते."

त्यानं डिस्क आणि कम्प्युटरच्या मधे अडॅप्टर जोडला. शेंदूरजनाघाटचे बागायतदार बाबा हसले, "कलम करताना जंबेरी लिंबाच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधतो, तसंच हाय हे!"

पहिला फोटो उघडला. आजोबा वाकून खुंटावर डोळा बांधत होते. बाबा स्क्रीनजवळ वाकले.

तुमच्या कपाटात कोण अडकून पडलंय?