गॉथिकवाल्या मॅडम

गॉथिक, म्हणजे झपाटलेल्या घरांची इंग्रजी कादंबरी शिकवायला घेतली की मॅडम आधी फळ्यावर एक घर काढायच्या. मग खडू पोरांपुढे धरून म्हणायच्या, "भूत कुठं आहे, दाखवा." कोणी माळ्यावर फुली मारायचं, कोणी तळघरात. सगळ्यांचं झालं की मॅडम दारावरच्या पाटीवर फुली मारत. "भुताच्या मांगं काऊन लागता? घर कोणाचं आहे, ते पाहा आधी."

मी त्याच कॉलेजात, शेजारच्या वर्गात मराठी शिकवायचो. भिंतीपलीकडून ऐकून अर्धं गॉथिक मलाही आलं. इंग्लंडातल्या जमीनदारांच्या पडक्या गढ्या, मठांची भुयारं यांतून ही कादंबरी निघाली. वाचणाऱ्या पुष्कळशा बायका, लिहिणाऱ्यांतही बायका. मॅडम सांगत की ज्या बाईला घराबाहेर पडायची मुभा नव्हती, तिनंच घराची भीती नीट लिहिली. पुढे भूत गढीतून निघून शहरातल्या साध्या घरात आलं आणि तिथून माणसाच्या डोक्यात शिरलं. "गढी पडली, मालक नाई पडला," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. परीक्षेत येणार नाही हे माहीत असूनही पोरं ते लिहून घ्यायची.

मॅडम केळझरकडच्या. वडील शेतकरी, घर बौद्ध. पुलगावात नोकरी लागली तेव्हा घर शोधायला मी त्यांच्याबरोबर फिरलो. खोली पसंत पडे, मालकीणबाई चहा ठेवत, मग आडनाव विचारलं जाई आणि त्या खोलीत राहायला अचानक मालकाचा भाचा येणार असे. एका घरी तर उकळता चहा तसाच खाली उतरवला गेला. रस्त्यावर आल्यावर मॅडम म्हणाल्या, "सर, या गावात भाचे लय आहेत." त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

शेवटी नाचणगावच्या रस्त्याला एक बंगली मिळाली. कापसाच्या एका दलालाची. त्यानं आडनाव विचारलंच नाही, कारण तिथे कोणी टिकतच नव्हतं. त्याची थोरली सून मागच्या विहिरीत बुडाली होती. त्यानंतर मुलगा पुण्याला गेला, घरचे दुसरीकडे राहायला गेले, आणि सुनेचं रडणं ऐकू येतं असं गल्ली सांगू लागली. असं एखादं घर तुमच्याही गावात असेल. तिथे काय दिसतं ते सगळे सांगतात. काय घडलं ते कोणी सांगत नाही. मॅडमनी दलालाला तेच विचारलं. त्यानं किल्ली पुढे केली.

त्यांनी विहिरीचा गाळ काढून घेतला, ओट्यापाशी मोगरा लावला आणि संध्याकाळी बाहेर वाचत बसू लागल्या. शेजारणीनं भीत भीत विचारलं, की रडणं ऐकू येतं का. मॅडम म्हणाल्या, "येते ना. पण ते तुमच्या घरातून येते." शेजारीण बरेच दिवस बोलली नाही. मग एका दुपारी आपणहून आली, ओट्यावर बसली आणि दिवेलागणीपर्यंत बोलत राहिली.

उन्हाळ्यात नळ आटले, तेव्हा सगळी गल्ली त्याच विहिरीवर पाणी भरायला आली. कोणी आडनाव काढलं नाही. मला वाटलं, जमलं.

पण बंगलीत भूत नाही याची खात्री झाली, तसा बंगलीला भाव आला. एका सकाळी दलाल येऊन ओट्यावर बसला आणि म्हणाला, मुलगा पुण्याहून परत येतोय, घर खाली करून द्या.

"अन् भुताचं काय?" मॅडमनी विचारलं.

"तुमच्या पायगुणानं गेलं ना, मॅडम." हे तो अगदी मनापासून, आभार मानावेत तसं म्हणाला.

मॅडम वर्ध्याला एका मैत्रिणीकडे गेल्या आणि तिथून गाडीनं ये-जा करू लागल्या. इकडे दलालानं वास्तुशांती घातली. आम्हा कॉलेजातल्यांना जेवायला बोलावणं होतं. मी गेलो. मागे पंप धडधडत होता. विहीर उपसणं चाललं होतं आणि स्वच्छ, पिण्याचं पाणी फाटकातून नालीत वाहत होतं. मी दलालाला विचारलं, हे कशाला? तो पंगतीला वाढता वाढता म्हणाला, की शुद्ध करून घेतलेलं बरं.

दुसऱ्या दिवशी मॅडम स्टाफरूममध्ये पेपर तपासत होत्या. मी त्यांना सांगितलं. त्यांनी पेनाला टोपण लावलं.

"सून बुडाली तवा उपसली होती का विहीर?"

"नाही."

"म्हणजे भुताचं पाणी चालते," त्या म्हणाल्या. मग पेन उघडून त्यांनी उरलेले पेपर तपासले.

त्याच वर्षी त्यांना नागपुरात नोकरी मिळाली. कॉलेज शाल-श्रीफळ देणार होतं. त्या आल्या नाहीत. गॉथिकचा पेपर अजून आहे. नवे सर गाइडमधून वाचून दाखवतात.

दलालाचा मुलगा काही आला नाही. बंगलीला कुलूप आहे. आता गल्लीतली पोरं सांगतात, की ओट्यावर चष्मा लावलेली एक बाई वाचत बसते आणि हाक मारली की नाहीशी होते. मोठी माणसंही तिन्हीसांजेला पलीकडच्या कडेनं जातात.

हे मी मॅडमना फोनवर सांगितलं.

"त्याइले सांगजा सर," त्या म्हणाल्या, "मी जिती आहो."

मी गल्लीत जाऊन सांगितलं. कोणाला पटलं नाही.