लोंबता दोरा कापणारे अण्णा

त्या दिवशी हापिसात मी हुते, माझी सून शोभा हुती, मागावरचा इरप्पा हुता, आन् कॉम्प्युटरम्होरं अण्णा हुते. अण्णांचं नाव कुनी कधी घेतलंच न्हाय. अक्कलकोट रोडला आमचा चादरींचा कारखाना. मी घडी घालायला, अण्णा हापिस सांभाळायला.

अण्णांच्या खिशाला पेन नसायचं, कातर असायची. "दोरा लोंबू द्यायचा न्हाय, मावशी," म्हनत पदराचा दोरा कापायचे. एकदा पुन्याच्या व्यापाऱ्याच्या शर्टाचा दोरा कापला, तर गुंडी खाली पडली. अण्णांनी ती उचलून त्याच्या हातात दिली आन् चहा सांगितला.

आमचं घरधनी तापानं दोन दिसांत गेलं. चौथ्या दिवशी मी घडीला बसले. रविवारी त्येंच्या नावानं पुण्यानुमोदनाची वंदना हुती, आन् पुढं ठेवायला घरात फोटू न्हाय. पोट भरायची मारामार, फोटू कोन काढतंय. आधारकार्डावर हुता, पन त्यात मानूस पोलिसांनी धरून आनल्यावानी दिसतो. नमुन्याच्या फोटूसाठी अण्णांनी त्येंना एकदा चादर धरून उभं केलं हुतं. म्हून जेवनाच्या सुट्टीत शोभाला घिऊन हापिसात गेले.

एकबी फोटू उघडंना. फोटूच्या जागी नुसते पांढरे कागद. दाबलं की कॉम्प्युटर उलटं इचारायचा, कशानं उघडू म्हनून.

अण्णांनी टावेलानं कॉम्प्युटरचा पडदा पुसला. बंद करून चालू केला. मग त्येंच्या घरच्या तेलुगूत त्याला कायतरी सुनावलं.

"त्याला मराठीत सांगा की," इरप्पा म्हनला.

"तू डबा खा."

शोभा बारावी शिकलेली. वाकून बगत हुती. "अण्णा, आज सकाळी काढलेला ह्यो एक फोटू उघडतोय. ह्येच्या नावामागं ठिपका आन् तीन इंग्रजी अक्षरं हायती. बाकीच्यांची कुटं गेली?"

अण्णांचा हात खिशातल्या कातरीवर गेला.

"मीच काढली," हळूच म्हनले. "सगळ्याच नावांच्या मागं लोंबत हुती. म्हनलं, साफ करावं."

इरप्पाला ठसका लागला. मलाबी हसू आलं. चार दिसांत पयल्यांदा.

मग अण्णा एकेका नावाला परत ते शेपूट जोडत बसले. मोराची चादर उघडली, हत्तीची उघडली, चौकटीच्या तर किती. सगळ्या चादरींमागं मानसं, पन तोंड एकाचं दिसंल तर शपथ. "चादर दिसू द्या, तोंड न्हाय," असं अण्णाच वरडायचे. माझा धीर सुटत चालला.

भोंगा व्हायच्या जरा आधी निळी चादर उघडली. वर आमचं घरधनी, दात काढून हसत हुतं.

"तोंड आलं म्हंजे ह्यो बाद फोटू की, अण्णा. पुसला न्हाय व्हय?"

"हसत हुता की तो, मावशी," म्हनले, आन् परत टावेलानं पडदा पुसाय लागले. पडदा साफच हुता.

उरलेली शेपटं त्येंनी मला जोडाय लावली. ठिपका, मग तीन अक्षरांच्या कळा. बोटाला सवय झाली.

अण्णा गेल्या साली गेले. त्येंच्या बायकोनं इचारलं, कामावरचा एखादा फोटू हाय का. सगळं धुंडाळलं. काढनारे तेच, मग त्येंचा कुटनं असनार? आमच्या भिंतीवरच्या घरधन्याच्या फोटूत, निळ्या चादरीवर खालच्या कोपऱ्यात, फोटू काढनाऱ्या अण्णांची सावली तेवढी पडलीया.

तवा वाचनाऱ्यांनो, कुनापाशी अण्णांचा फोटू असंल तर आनून द्या. उघडत नसला तरी आना. शेपूट मी जोडते.